हप्ते फिटले, तरी कुलूप का?



वाराणसी छावणीत पोस्टिंग आल्यापासून रविवारी मोकळा असलो की मी ब्रह्माघाटावर जातो. दशाश्वमेधची गर्दी तिथे नसते. पंचगंगा, मग दुर्गाघाट आणि त्याला लागून हा घाट. वरच्या गल्ल्यांत पेशव्यांच्या काळापासून वसलेली मराठी घरं आहेत. तिथल्या एका वाड्यातल्या काकू मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, मध्येच बनारसी हिंदीत शिरणारं.

गेल्या महिन्यात जेवण झाल्यावर त्यांनी एक आयफोन पुढ्यात ठेवला. मुलगा अमेरिकेत असतो. आईचा फोन बिघडला म्हणून त्याने आपला जुना फोन ओळखीच्यांबरोबर पाठवला होता. पण काकूंचं सिम घातलं की पडद्यावर एकच उत्तर: हे सिम चालणार नाही.

"अहो सुभेदार, दुकानवाला म्हणतो दो हजार दीजिए, अभी खोल देंगे. देऊ का?"

वाड्यात त्या एकट्या. बँकेचा ओटीपी, औषधवाला, मुलाचा रात्रीचा फोन, सगळं त्या एका नंबरावर. तीन आठवडे तो नंबर बंद होता.

मी सिग्नल्सचा माणूस, तेव्हा एवढं कळलं की फोन बिघडलेला नाही, त्याला कुलूप आहे. प्रत्येक सिममध्ये एक क्रमांक असतो. त्याचे सुरुवातीचे आकडे देश आणि कंपनी सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५, अमेरिकेचे ३१० पासून पुढचे. कुलूपबंद फोन हे आकडे वाचतो आणि विकणाऱ्या कंपनीचे नसले तर सिम नाकारतो. गेटवरच्या संतरीसारखं: तुमचं ओळखपत्र खरं आहे, पण यादीत नाव नाही.

मला कुलपाचाच राग आहे असं नाही. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. तिथे पोस्टिंग झालेला प्रत्येक जवान त्यावरून कुरकुरतो, पण कारण समजतो म्हणून सोसतो. अमेरिकेत फोन हप्त्यांवर देतात. पैसे फिटेपर्यंत गिऱ्हाईक पळू नये म्हणून कुलूप घातलं, तर तेही समजू शकतो. पण काकूंच्या मुलाने सगळे हप्ते आठ महिन्यांपूर्वीच फेडले होते. कुलूप मात्र तसंच होतं, कारण कुणी मागितल्याशिवाय ते काढायचं नाही अशी त्या कंपनीची रीत. माझा आक्षेप इथे आहे.

फौजेत मुदत संपली की जवानाच्या हातात डिस्चार्ज बुक येतं. पेन्शनच्या कागदांचं सोडा, त्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण तुमचा करार संपला हे तुम्हीच सिद्ध करा, तोवर गेटच्या आतच थांबा, असं पलटण म्हणत नाही.

आपल्याकडे बहुतेक फोन मोकळेच विकले जातात, म्हणून हा प्रश्न परका वाटतो. तसा तो नाही. २२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोनने आयफोन ३जी भारतात आणला. अमेरिकेत तो दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता. इथे ३१,००० रुपये मोजायचे आणि तरीही फोन त्याच कंपनीला बांधलेला. २०१७ चा जिओफोनही फक्त जिओच्या सिमवर चालायचा, पण तो १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर होता. तिथे निदान हिशेब समोर होता.

मी स्वतः यात पोळलो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर लेबनॉनला गेलो तेव्हा माझ्याकडे एका कंपनीचा सीडीएमए फोन होता. पूर्ण पैसे भरून घेतलेला. त्यात सिमची जागाच नव्हती, नंबर फोनच्याच पोटात. तिथे तो ट्रंकेत पडून राहिला. मुलगी झाल्याची बातमी मला दुसऱ्याच्या फोनवर कळली.

जगात यावर विचार झाला आहे. अमेरिकेत जानेवारी २०१३ पासून नव्या फोनचं कुलूप कंपनीच्या परवानगीशिवाय काढणं बेकायदा ठरलं. लोकांनी आवाज उठवला, लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि १ ऑगस्ट २०१४ ला अध्यक्ष ओबामांनी ग्राहकाला ती मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. पण त्या कायद्याने कुलूप काढायची मुभा दिली, कंपनीने ते स्वतःहून काढावं अशी सक्ती केली नाही. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन मोकळेच विकायला लावले. ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकण्यावर बंदी घातली. तिथल्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत.

काकूंना मी दोन हजार देऊ दिले नाहीत. अशा दुकानांत बहुधा सिमखाली एक पातळ चिप सरकवतात. ती फोनला खोटे आकडे सांगते. पुढच्या अपडेटला फोन पुन्हा मुका होऊ शकतो. मुलाने कंपनी बदललेली, जुनं खातं बंद. त्यामुळे पहिला अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या वेळी त्याने बिलं जोडली, तास दीड तास फोनवर काढला, तेव्हा तिसऱ्या दिवशी कुलूप निघालं.

ज्यांची मुलं परदेशातून जुने फोन पाठवतात, त्या माजी सैनिक मित्रांना एवढंच सांगतो. फोन तिथून निघण्याआधीच मुलाला कुलूप काढून घ्यायला सांगा, कारण अर्ज बहुधा खातेदारालाच करावा लागतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं पाहिजे. कोड मागणाऱ्या फोनवर अंदाजाने आकडे दाबू नका, ठरावीक चुकांनंतर तो कायमचा अडतो. *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय लिहून ठेवा. तो 'बदलून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. आपल्याकडे तो गुन्हा आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

परवा सिम घातलं, वायफाय जोडलं आणि दोन मिनिटांत नेटवर्क आलं. पहिला फोन मुलाचाच. काकू त्याला म्हणाल्या, "पैसे तू भरलेस, मग चावी त्यांच्याकडे कशी रे?"

मी एवढं लांबण लावून जे लिहिलं, ते त्यांनी एका वाक्यात विचारलं. उत्तर कंपन्यांनी द्यायचं आहे.

जय हिंद.