वडाचे वय

चिंचवडला राहणाऱ्या माणसाने झाडांवर लिहावे, हा गावाच्या नावाचाच हट्ट असावा. चिंच आणि वड, दोन्ही त्यात येऊन बसले आहेत!

परवा मी विद्यार्थ्यांना 'माझ्या गावचे झाड' हा निबंध दिला. चाकणकडच्या एका मुलीने लिहिले, "आमच्या गावचे झाड आता नाही, म्हणून आजीने सांगितलेले लिहिते." नाशिक रस्त्यालगतचा तो वड रस्तारुंदीत गेला. आता वटपौर्णिमेला आजी बाजारातली फांदी कुंडीत रोवते आणि तिलाच सूत गुंडाळते. शेवटी मुलीने विचारले होते, "सर, तो किती वर्षांचा असेल?"

मराठीच्या एम.ए.ला उत्तर देता येईना. कॅलिफोर्नियात महाकाय सेक्वोया वृक्ष आहेत. त्यांतल्या 'जनरल शर्मन'ची उंची सुमारे २७५ फूट, जमिनीलगत बुंध्याचा घेर शंभर फुटांहून अधिक आणि वय अंदाजे दोन हजार वर्षांच्या पुढे. तोडलेल्या सेक्वोयांच्या खोडातली वर्तुळे मोजून तिकडे वयाचा हिशेब बसवता आला. २०२१ साली वणवा जवळ आला, तेव्हा जनरल शर्मनच्या बुंध्याला अग्निरोधक आवरण गुंडाळले. आमची आजी सूत गुंडाळते, तसेच म्हणा ना!

वडाचा हिशेब निराळा. पारंब्या जमिनीत उतरतात, खोड होतात आणि मूळ खोड गेले तरी झाड राहते. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या वडाचे मूळ खोड १९२५ साली काढावे लागले, तरी तो हजारो पारंब्यांवर उभा आहे. आपल्या नाशिक रस्त्याने पुढे गेले, की संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा विशाल वड आहे. अशा झाडात वर्तुळे मोजायची तरी कोठे?

२०२१ साली राज्याच्या नागरी भागातील वृक्षकायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा अधिक वयाचे झाड 'हेरिटेज ट्री' ठरले; ते तोडलेच, तर त्याच्या वयाइतकी रोपे लावायची. हेतू चांगला आहे. पण एकेक गुण मिळवणाऱ्या शंभर उत्तरपत्रिका एकत्र बांधल्या, म्हणून त्यांतून कोणी पहिला येत नाही!

खरे सांगायचे, तर रस्ता रुंद झाला तेव्हा सुखावलेल्यांत मीही होतो. त्याच वडाखाली मी कितीदा एस.टी.ची वाट पाहिली असेल. पण मान वर करून कधी पाहिले नाही, नजर सारी घड्याळावर.

वहीत मी शेरा लिहिला, "आजीला विचार." दुसऱ्या दिवशी मुलगी सांगत आली, "सर, आजी म्हणते, तिच्या सासूच्या सासूलासुद्धा तो म्हातारा म्हणूनच ठाऊक होता."

वाचकहो, दिवाळीला गावी जाल, तेव्हा पारावरच्या वडाचे वय घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा. ते बहुधा त्यांच्यापाशीच मिळेल.