पाचची गाडी आणि उरलेलं कॉलेज

मैत्रिणींनो, परवा बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट बघत उभी होते. शेजारी लासुर्ण्याची एक मुलगी होती, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची. म्हणाली, "काकू, आज कॉलेजात कंपनीवाले आलेत मुलाखतीला. माझा नंबर साडेपाचनंतर होता. पण ही पाचची गाडी चुकली की घरी रामायण!" ती हसत सांगत होती, मला मात्र गलबलून आलं. मार्क होते, नंबरही होता, फक्त थांबायची परवानगी नव्हती.

मुलींच्या शिक्षणासाठी आता पुणंच गाठायला हवं असं नाही. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून. इंदापुरातही कॉलेज आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालं. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. म्हणजे फीचं ओझं बरंच हलकं झालं. पण वेळेचं काय?

कॉलेज म्हणजे नुसते तास नव्हेत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. त्यात वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. कितीतरी मुली पहिल्यांदा माईक हातात धरतात त्या तिथेच. विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात, ऑफिसात काम करून तासाप्रमाणे पैसे मिळतात. शिवाय वक्तृत्व, नाटक, खेळ आहेतच. मुलाखतीत विचारतात, "अभ्यासाशिवाय काय केलंत?" मुलगा शिबिर सांगतो, कबड्डी सांगतो. आपली पोरगी मान खाली घालून म्हणते, "काही नाही." आणि घरी गोठ्यापासून भाकरीपर्यंत सगळं तीच करत असते!

यात दोष एकट्या घराचा नाही. गावाकडच्या मुलींचे नंबर आधी लावणं, कार्यक्रम दुपारी घेणं कॉलेजला अवघड नाही. पण हे मागणार कोण? पालक सभेला बहुतेक वडील जातात, किंवा कुणीच जात नाही. आपण दोघी-तिघी मिळून जाऊया. एका गावच्या चार मुली एकत्र थांबल्या तर सोबत होते. संध्याकाळच्या जादा गाडीसाठी एसटी डेपोत सह्यांचा अर्ज देता येतो. त्याला फक्त कागद आणि थोडा धीर लागतो.

आणि एक घरातलं. पुढच्या वेळी लेक म्हणाली, "आई, आज उशीर होईल," तर लगेच "कशाला?" म्हणू नका. "कुठल्या गाडीनं येतेस? मी स्टँडवर येते," असं म्हणून तर बघा!