'सौम्य' आम्ल? कुणासाठी?

"चायनीजवर शिंपडतो तेच ना हे!" ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडबद्दल असं हमखास ऐकू येतं. अहो, व्हिनेगरमध्ये ते जेमतेम ४-५ टक्के, आणि प्रयोगशाळेतल्या बाटलीत ९९ टक्क्यांच्या वर!

खरा घोळ 'सौम्य आम्ल' या पाठ्यपुस्तकी शब्दाचा. सौम्य म्हणजे पाण्यात त्याचे आयन कमी सुटतात, एवढंच. कातडी मात्र व्यवस्थित भाजते, डोळेही जाऊ शकतात.

शिवाय ते पेटतं! ३९-४० अंशांना त्याच्या वाफेला ठिणगी पुरते. विदर्भातल्या मे महिन्यात बंद कोठीत एवढा उकाडा सहज होतो. तरी 'ॲसिड' म्हणून ते नायट्रिक ॲसिडशेजारीच ठेवतात... म्हणजे आगीला आमंत्रणच. त्याची जागा गार, हवेशीर कपाटात, ज्वलनशील द्रवांसोबत. थंडीत १६.६ अंशांखाली ते गोठतं. तेव्हा बर्नर नको, कोमट पाणी पुरे.

ही बाटली रोज हाताळतात कोण? लॅबमधले मामा. त्यांनी आयन वाचलेले नसतात. माझं म्हणणं एवढंच, की बाटलीवर ठळक मराठीत 'भाजतं, पेटतं' लिहा. ॲप्रन, चष्मा, योग्य हातमोजे आधी मामांना द्या. आणि सांडलंच अंगावर, तर निदान १५ मिनिटं वाहतं पाणी, हे त्यांना आजच सांगा.