सात टेकड्यांचे शहर आणि आपण

प्रवासात माणूस जे पाहावयास मुद्दाम जातो त्यापेक्षा, जे दृष्टीस पडेल अशी कल्पनाही नसते, तेच त्याच्या मनात कायमचे घर करून बसते. लिस्बन नगरी पाहण्याचा योग आला तेव्हा आम्हांस याचा प्रत्यय आला. साडेचारशे वर्षे ज्या शहरातून आपल्या भूमीवर हुकूम सुटत होते, ते शहर एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच आमची इच्छा होती. तेजो नदीच्या काठाने कास्काइशकडे जाणाऱ्या लोकल गाडीत आम्ही बसलो होतो. वाटेत एका लहानशा स्थानकाचा फलक दिसला : काशियश. डब्यातील इतर उतारूंना त्या नावाचे काहीच वाटले नाही. आमच्या अंगावर मात्र काटा उभा राहिला. १९५५ साली पकडले गेलेले मोहन रानडे यांनी याच गावच्या किल्ल्यात कारावास भोगला. गोवा १९६१ साली मुक्त झाला, पण त्यांची सुटका होण्यास १९६९ साल उजाडावे लागले. पुढे एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर त्याच तुरुंगाची दारे पोर्तुगीज राजबंद्यांसाठीही उघडली. ज्या राजवटीने आम्हांस कोंडले तिने आपल्या प्रजेलाही कोंडून ठेवले होते, हे ग्रंथात वाचणे वेगळे आणि त्या फलकासमोर गाडी क्षणभर थांबली असता जाणवणे वेगळे!

शहरे राजकारणाचे वळ अंगावर वागवीत असतात. तेजोवरील भव्य झुलता पूल १९६६ साली खुला झाला तेव्हा त्यास सालाझारचे नाव होते. आठ वर्षांत ते गळून पडले आणि क्रांतीचा दिवस, २५ एप्रिल, हेच पुलाचे नाव झाले. आफ्रिकेतील वसाहती राखण्याच्या युद्धांनी पोखरलेली ती सत्ता लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनीच उलथून टाकली. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, पोर्तुगालने करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. साम्राज्य गेले, नगरी उरली.

या नगरीने याहून भयंकर प्रसंगही पाहिला आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी धरणीकंप, समुद्राची लाट आणि आग या तिहेरी आपत्तीने तिची राखरांगोळी केली. प्रधान पोम्बाल हा काही दयाळू पुरुष नव्हता. परंतु नवा आराखडा पक्का होईपर्यंत कोणीही मनमानी बांधकाम करू नये, असा निर्बंध त्याने घातला. मग सरळ, रुंद रस्ते आखले गेले आणि भिंतींच्या पोटात धक्का सोसणारे लाकडी सांगाडे बसविले गेले. आधी आराखडा, मग चिरा, हा तो क्रम होता. आज बायशा भागातून हिंडताना त्या शहाणपणाची साक्ष पटते.

भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेला अल्फामा हा जुना मोहल्ला मात्र आज निराळ्याच हादऱ्याने खिळखिळा झाला आहे. अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम त्याच्या गल्ल्यांतून कुरकुरत चढते. आत बहुतेक सारे प्रवासी परदेशी. घरांच्या दारांवर भाडेकरूंसाठी किल्ली ठेवण्याच्या लहान पेट्या लटकलेल्या; खिडकीत वाळत घातलेले कपडे क्वचितच दिसावेत. २०११ साली पोर्तुगाल कर्जबाजारी झाला, ७८ अब्ज युरोंचे साहाय्य घ्यावे लागले. पाठोपाठ २०१२ साली भाडेकरूंचे संरक्षण सैल झाले आणि पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्या परकीयास निवासाचा परवाना मिळू लागला. मालमत्तेचा तो मार्ग २०२३ साली बंद केला गेला; पण तोवर सामान्य लिस्बनकरास आपल्याच गल्लीतील घर परवडेनासे झाले होते. ज्या शहराने तोफांच्या बळावर दूरदूरच्या भूमी घेतल्या, त्याची घरे दूरदूरच्या पैशाने घेतली, हा काळाचा केवढा विलक्षण न्याय!

परंतु दुसऱ्याच्या दैवाकडे पाहून हसण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? याच लिस्बनच्या दप्तरात नावे नोंदवून आमचे कितीतरी तरुण विलायतेस गेले. मागे राहिलेल्या घरांना कुलुपे लागली आणि कुलुपे पाहून गिऱ्हाइके आली. घेणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. विकणारे हात आमचेच आहेत, आणि डोंगर कापण्यास मुभा देणारी लेखणीही आमचीच आहे. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ साली शासनास रद्द करावयास लावला. तेव्हा वाटले, धडा मिळाला. पण २०२३ साली नगरनियोजन कायद्यात शिरलेल्या १७(२) कलमाने, चुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली, एकेका भूखंडाचे रूप पालटण्याची वाट मोकळी केली आणि जनतेस पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. आधी चिरा, मग आराखडा, असा हा उलटा क्रम आहे.

आमची मागणी मोठी नाही. गावची शेते, खाजने आणि डोंगर यांचा वापर ग्रामसभेपुढे उघडपणे ठरावा, आणि एकदा ठरल्यावर सर्वे नंबरागणिक सवलत मागणाऱ्यास दार बंद असावे. परक्या फौजेने बळकावलेली भूमी परत मिळते. त्यासाठी काशियशच्या भिंतीआड आयुष्याची उमेदीची वर्षे देणारी माणसे या मातीत निपजली. स्वतःच्या सहीने दिलेली भूमी परत मिळविण्यास मात्र कोणताही मुक्तिसंग्राम उपयोगी पडत नाही.