दोष फक्त गुडघ्याचा नाही

19 एप्रिल 2023. इंग्लंडच्या महिला सुपर लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड विरुद्ध आर्सेनल असा सामना सुरू होता. पहिल्याच सत्रात आर्सेनलची बचावपटू लिया विल्यमसन मैदानावर कोसळली. तपासणीत गुडघ्यातील ‘एसीएल’ हे लिगामेंट फाटल्याचे निदान झाले. महिला विश्वचषक तीन महिन्यांवर आला होता आणि विल्यमसन इंग्लंडची कर्णधार होती. त्या विश्वचषकात तिला खेळता आले नाही. तिच्याविना इंग्लंडने अंतिम फेरी गाठली, पण स्पेनकडून 1-0 असा पराभव झाला.

विल्यमसन मिल्टन कीन्सची. नवव्या वर्षी आर्सेनलच्या अकादमीत दाखल झाली, सतराव्या वर्षी मुख्य संघात आली. तिच्याच नेतृत्वाखाली इंग्लंडने 2022 मध्ये वेम्बलीवर जर्मनीला हरवून युरो चषक जिंकला. इतक्या वरच्या पातळीवरच्या खेळाडूचा गुडघा असा दगा देतो, तेव्हा ती केवळ दुर्दैवाची गोष्ट राहत नाही. त्याच हंगामात, सहा महिन्यांच्या आत, आर्सेनलच्या बेथ मीड, व्हिवियाना मिडेमा, विल्यमसन आणि लॉरा विनरॉयटर अशा चौघींचे एसीएल फाटले. एकाच संघात चौघी! महिला फुटबॉलमध्ये नेमके काय बिघडते आहे, हा प्रश्न त्यानंतर सर्वत्र विचारला जाऊ लागला.

आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. कबड्डी किंवा खो-खो खेळणारी शाळकरी मुलगी लंगडत येते. आधी महिनाभर शेक, लेप आणि मालिश झालेले असते. सूज उतरलेली असते, पण वळताना ‘गुडघा सटकतो’. सोबत आलेली आई म्हणते, “मॅडम, मुलीची जात. आता खेळ बंदच केलेला बरा ना?” या वाक्यात काळजी आहे, पण एक गैरसमजही आहे. मुलीचे शरीरच या खेळासाठी नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकलेले असते.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना तिरके जोडणारा बळकट पट्टा. नडगी पुढे घसरू न देणे आणि गुडघ्याला नको तितका पीळ पडू न देणे, हे त्याचे काम. बहुतेक वेळा तो कोणाच्या धक्क्याने फाटत नाही. धावता धावता अचानक थांबणे, दिशा बदलणे, उडी मारून एका पायावर उतरणे, अशा क्षणी गुडघा आत वळतो आणि ‘कट्’ असा आवाज होतो. बचावपटूला तर सामनाभर हेच करायचे असते. समोरची खेळाडू कुठे वळेल हे तिच्या हातात नसते; तिच्यामागे अर्ध्या क्षणात वळावेच लागते.

समान खेळात स्त्रियांमध्ये ही दुखापत पुरुषांच्या तुलनेत साधारण दोन ते तीन पट अधिक आढळते. कारणे विचारली की पटकन शरीराकडे बोट दाखवले जाते: रुंद कटी, गुडघ्याच्या आतली अरुंद खाच, मासिक पाळीतील संप्रेरकांचे चढउतार. यांचा काही वाटा असू शकतो. संप्रेरकांबाबतचा पुरावा मात्र अजून पक्का नाही. शिवाय ही कारणे खरी मानली तरी कटीची रुंदी आपण बदलू शकत नाही. बदलता येते ते आजूबाजूचे. 2021 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मधील एका लेखाने नेमका हाच मुद्दा मांडला. मुलींना लहानपणापासून ताकदीचे व्यायाम शिकवले जातात का? त्यांच्या वाट्याला कोणते मैदान येते? बूट पुरुषांच्या पावलावरून बेतलेले असतात का? फिजिओथेरपिस्ट मिळतो का? इंग्लंडमध्ये 2024 मध्ये खेळाडूंच्या संघटनांनी ‘प्रोजेक्ट एसीएल’ नावाचा तीन वर्षांचा अभ्यास हाती घेतला, तोही याच दिशेने.

विल्यमसन साधारण नऊ महिन्यांनी, जानेवारी 2024 मध्ये मैदानात परतली. शस्त्रक्रियेत शरीरातलाच दुसरा स्नायूरज्जू घेऊन नवे लिगामेंट बसवतात. पण हा उपचाराचा निम्मा भाग. तो नवा पट्टा मुरायला वेळ लागतो आणि तोवर मांडीचे स्नायू पुन्हा बांधावे लागतात. नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण लक्षणीय अधिक दिसते. म्हणून केवळ तारीख बघून नव्हे, तर जखमी पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के झाली का, हे मोजून परवानगी द्यायची असते. आमच्याकडे दुर्बिणीची शस्त्रक्रिया होते. गाडी अडते ती पुढे. टाके निघाले की मुलगी गावी जाते, व्यायाम थांबतो आणि वर्षभराने ‘ऑपरेशन फसले’ म्हणून परत येते.

पुरेसा वेळ मिळाला तर काय होते, हेही विल्यमसनच्याच कारकिर्दीत दिसते. मे 2025 मध्ये आर्सेनलने लिस्बनला बार्सिलोनाला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली आणि जुलैमध्ये तिच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने बाझेलला स्पेनला पेनल्टींवर नमवून युरो चषक राखला. गुडघ्याने नंतरही त्रास दिला. त्या स्पर्धेनंतर तिला एक छोटी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पण कारकीर्द संपली नाही.

तिची आणखी एक गोष्ट आयांनी ऐकावी अशी आहे. तिला एंडोमेट्रिओसिस आहे आणि तिने ते जाहीरपणे सांगितले. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो आणि पाळीत असह्य वेदना होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असतो. आपल्याकडे मात्र ‘पाळीत दुखायचंच’ म्हणून वर्षे जातात. गुडघा असो की पोट, ‘मुलीची जात’ हे निदान नव्हे.

मग करायचे काय? ‘फिफा 11+’ हा सरावापूर्वीचा व्यायामक्रम साधारण 20 मिनिटांचा आहे. हलके धावणे, एका पायावर तोल, बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून गुडघे आत न वळवता मऊ उतरणे. यंत्रे लागत नाहीत, खर्च नाही. आठवड्यातून किमान दोनदा, नेमाने केल्यास फायदा होतो. अशा व्यायामक्रमांमुळे मुलींमधील एसीएलच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, असे एकत्रित अभ्यास सांगतात. कबड्डी-खो-खोच्या सरावातही यांतले बहुतेक व्यायाम सहज बसतात.

खेळताना ‘कट्’ आवाज होऊन काही तासांत गुडघा सुजला, तर मालिश करू नका. बर्फ लावा, पायाला आधार द्या आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि मुलीचा खेळ बंद करण्याआधी, तिला तयारीसाठी ती वीस मिनिटे कधी मिळाली होती का, हे शाळेच्या क्रीडाशिक्षकांना जरूर विचारा.