प्रिय जवान, पत्ता कुठला?

जुलै संपत आला की आपल्या पट्ट्यातल्या ऑफिसांमध्ये एक मेल फिरायला लागतो. सब्जेक्ट लाइनमध्ये छोटासा तिरंगा आणि पुढे ‘राखी अँड ग्रीटिंग्ज फॉर अवर सोल्जर्स’. स्थळ कॅफेटेरिया, वेळ शुक्रवारी चार ते पाच. चार्ट पेपर, स्केचपेन आणि ग्लिटर कंपनीकडून. समोसा आणि चहा तर असतोच. हिंजवडी असो, तळवडे असो, नाहीतर चाकणच्या एखाद्या प्लँटचा ट्रेनिंग हॉल, थोड्याफार फरकाने सगळीकडे सीन तोच!

मला हा तास मनापासून आवडतो. एक तर शुक्रवारी चारनंतर तसंही कुणाचं कामात लक्ष नसतं. दुसरं म्हणजे, दहावीनंतर एक्सेलशीट सोडून ज्यांनी काहीही रंगवलेलं नाही, अशी माणसं जीभ बाहेर काढून अशोकचक्राचे चोवीस आरे मोजताना दिसतात. आमचा क्वालिटीवाला तिथेही टॉलरन्स काढतो. प्रॉडक्शनवाला विचारतो, “बावीस चालतील का रे? घाईत कोण मोजतंय?”

तासाभरात चाळीस-एक कार्डं तयार होतात. टेबलावर मांडली की मजा बघा. दहांवर रणगाडा, दहांवर बर्फाचे डोंगर, दहांवर बंदूक आणि उरलेल्यांवर सॅल्यूट करणारी काळी सावली. आत काय? ‘रिअल हीरोज’, ‘वुई सॅल्यूट यू’ आणि सर्वांचं लाडकं ‘तुम्ही जागता म्हणून आम्ही निवांत झोपतो’. हे शेवटचं आमच्या थर्ड शिफ्टवाल्यांनीही लिहिलं होतं. आता बोला!

यंदा मात्र एक गोष्ट झाली. आमच्या परचेसमध्ये एक मुलगी आहे, कामाला चोख, बोलायला कमी. तिचा धाकटा भाऊ फौजेत शिपाई आहे. ती टेबलावरची कार्डं एकेक करून वाचत होती. एका कार्डापाशी थांबली. सुरेख अक्षर, बाजूला पेटती ज्योत आणि मजकूर होता, ‘तुमचं बलिदान देश कधीही विसरणार नाही.’

“हे जिवंत माणसालाच पाठवायचंय ना?” तिने अगदी साधेपणाने विचारलं. “माझा भाऊ हे उघडणार आणि त्याला वाटणार, अरेच्चा, मी गेलो की काय?”

ती हसली. टेबलावर दुसरं कुणीच हसलं नाही.

“मेमध्ये लग्न आहे त्याचं,” ती म्हणाली. “हॉल बुक झालाय.”

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. ज्याने ते कार्ड केलं त्याच्या भावनेत खोट नव्हती. पण त्याच्या डोळ्यांसमोर माणूस नव्हता, होर्डिंग होतं. कारगिलच्या वेळी १९९९ मध्ये, पुलवामानंतर २०१९ मध्ये आणि परवा मे २०२५ मध्ये आपल्या सगळ्यांना जवान आठवला. असा तो आठवतो तेव्हा बातमी मोठी असते, छाती भरून आलेली असते आणि शब्दही तसेच मोठे येतात. पण कार्ड पोचतं ते एखाद्या साध्या मंगळवारी. उघडणारा बावीस-पंचवीस वर्षांचा असतो. त्याला दाढदुखी असते, होमलोन असतं, सुट्टी मंजूर होईल का याचं टेन्शन असतं. म्हणजे आपल्यासारखंच की!

मग मी आमच्या गेटवर गेले. आपल्या बेल्टमधल्या कितीतरी कंपन्यांच्या गेटवर माजी सैनिक आहेत, हे तुम्ही पाहिलंच असेल. राज्य सरकारचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे ‘मेस्को’, त्यांना अशी कामं मिळवून देतं. रोज सकाळी आपण त्यांच्यासमोर आयकार्ड नाचवत आत पळतो आणि दुपारी कॅफेटेरियात बसून ‘अज्ञात जवाना’ला कार्ड लिहितो. आमचे हवालदारसाहेब गेटवर सहा वर्षं आहेत. त्यांना या सहा वर्षांत कुणीही कार्ड दिलेलं नाही!

“यायची ना कार्डं,” ते म्हणाले. “गठ्ठाच यायचा. वाटून घ्यायचो. बरं वाटायचं. पण खरं सांगू का मॅडम, दहा वाचली की अकरावं वाचायची गरज नसायची.”

“एकही लक्षात नाही?”

“एक आहे. सांगलीकडच्या शाळेतलं होतं. पोरीने लिहिलं होतं, बाईंनी दहा ओळी लिहायला सांगितल्यात. आमच्याकडे पाऊस नाही. शाळेची विहीर आटली. शेळीला दोन पिल्लं झालीत. आणि मग काय, तर ‘ही माझी आठवी ओळ आहे’!” ते सांगता सांगता हसायला लागले. “मी मोठ्याने वाचून दाखवलं. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना हिंदीत सांगितलं. दोन दिवस पोस्टवर जो तो म्हणायचा, ये मेरी आठवीं लाइन है.”

त्या पोरीने सलाम ठोकला नव्हता की हीरो म्हटलं नव्हतं. तिने फक्त घरची बातमी दिली होती.

तुम्ही म्हणाल, आता व्हॉट्सअॅपच्या जमान्यात कागद कशाला? शंका रास्त आहे. २०१६ च्या दिवाळीत ‘संदेश टू सोल्जर्स’ ही सरकारी मोहीम मोबाइलवरूनही झाली होती. पण परचेसवालीचं म्हणणं ऐका. भावाला रेंज असली की व्हिडिओ कॉल होतो आणि आई रडून घेते. रेंज नसली की काहीच नसतं. कागद मात्र खिशात राहतो. रात्री पुन्हा काढून वाचता येतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

आता कळीचा प्रश्न. तुमच्या ऑफिसचा तो कार्डांनी भरलेला खोका नेमका जातो कुठे? खोक्यावर ‘टू, इंडियन आर्मी, सियाचीन’ असं लिहून भागत नाही. तैनातीवर असलेल्या जवानाच्या पत्त्यात गावाचं नाव नसतंच. त्याचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’. ५६ म्हणजे दिल्लीचं सैनिकी बेस पोस्ट ऑफिस आणि ९९ म्हणजे कोलकात्याचं. टपाल आधी तिथे जातं आणि युनिट सध्या कुठे आहे ते बघून पुढे रवाना होतं. आर्मी पोस्टल सर्व्हिसचा स्वतंत्र कोअर १ मार्च १९७२ ला उभा राहिला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिनकोड आला. त्यातले पहिले आठ आकडे देशाच्या वेगवेगळ्या विभागांना दिले आणि नऊ हा आकडा फौजेसाठी ठेवला. म्हणून चाकणचा पिन ४१०५०१ असा चारने सुरू होतो आणि जवानाचा नऊने.

थोडक्यात, नाव किंवा युनिट माहीत नसेल तर कार्ड अधांतरी. बाहेरच्या जगातही हेच. अमेरिकेत पूर्वी ‘एनी सर्व्हिस मेंबर’ असं लिहून कुणीही कुठल्याही सैनिकाला पत्र पाठवू शकत असे. २००१ मध्ये अँथ्रॅक्सच्या पाकिटांची दहशत पसरली आणि त्यांच्या संरक्षण खात्याने असं बिननावी टपाल बंद केलं. सुरक्षेचा प्रश्न आहे, आपण रुसून उपयोग नाही.

मग करायचं काय? सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे ऑफिसमध्ये विचारा. कुणाचा भाऊ, नवरा, मेहुणा, बहीण फौजेत असतेच. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडची इतकी माणसं आपल्या शॉपफ्लोअरवर आहेत. त्यांच्याकडे पत्ता असतो. एका युनिटला रीतसर विचारून वीस कार्डं पाठवली तर ती वीस माणसं वाचतात. दुसरा रस्ता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. त्या निधीशी या कार्यालयाचा संबंध असतोच, तेव्हा कार्डांबद्दलही तिथेच विचारता येईल.

आणि तिसरा रस्ता तर आपल्या रोजच्या रस्त्यावरच आहे! पिंपरीहून जुन्या हायवेने पुण्याकडे निघालात की दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगची संपता संपत नाही अशी भिंत लागते. हॅरिस ब्रिज ओलांडला की बोपोडी, मग खडकी. खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचं कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर साथ देत नाही असे जवान तिथे राहतात. व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. काहींनी तर तोंडात ब्रश धरून चित्रं काढण्याची कला कमावलीय. ‘चंदू चॅम्पियन’ पाहिला असेल तर मुरलीकांत पेटकर आठवतील. १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. त्यांनी पुढे नोकरी केली ती टेल्कोत! आपल्याला जवान म्हटलं की बर्फच दिसतो. पण फौजेतला माणूस चिंचवडपासून अर्ध्या तासावरही असतो, आपल्याच कंपनीच्या गेटवरही असतो. खडकीला आधी परवानगी घेऊन जा, कार्ड हातात द्या आणि मुख्य म्हणजे पाच मिनिटं बसून बोला. सेल्फी नाही काढला तर कंपनीचं न्यूजलेटर बंद पडणार नाही.

कार्डामागे थोडा विचार असला की काय होतं, त्याचं एक जुनं उदाहरण सांगते. १९१४ च्या नाताळात ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावाने आघाडीवरच्या सैनिकांसाठी पितळेची छोटी डबी निघाली, आत शुभेच्छांचं कार्ड. गोऱ्या सैनिकांना सोबत तंबाखू आणि पाइप. पण शीख सैनिकांच्या डबीबरोबर खडीसाखर आणि मसाले होते. इतर भारतीय सैनिकांना मसाले, खडीसाखर आणि सिगारेटी. या खडकीच्याच बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या त्या वर्षी फ्रान्सच्या चिखलात लढत होत्या. साम्राज्याचं राजकारण वेगळं, त्यावर मी काही बोलत नाही. पण कुणीतरी बसून एवढा विचार केला होता की घेणारा कोण आहे आणि त्याला काय आवडेल. आपल्याला मसाल्याचा खर्चही नाही, नुसत्या चार ओळी लिहायच्यात!

तर मंडळी, यंदा कार्ड करायला बसाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

कागद जाड आणि साधा घ्या. पिंपरी कॅम्पात मिळतो, हौस असेल तर शनिवारी अप्पा बळवंत चौक गाठा. ग्लिटर नको, ते पाकीट उघडताच अंथरुणभर होतं. खडे, मणी, थर्माकोल नको. कार्ड चपटं असू द्या, शिक्के खात लांब जायचंय त्याला. पावसाळ्यात स्केचपेन पसरतं, म्हणून मजकूर बॉलपेननेच.

चित्रात बंदूक नको. ती त्याच्याकडे आहे. त्याच्याकडे जे नाही ते काढा. कंपनीची बस काढा, टपरीवरचा चहा काढा, गणपतीचा मांडव काढा.

‘बलिदान’, ‘शहीद’, ‘अमर’ हे शब्द वर्ज्य. तुम्ही कुठे आहात, पोस्टिंग कुठे, असलं काही विचारायचं नाही. स्वतःचा मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता लिहू नका.

भाषा साधी ठेवा. वाचणारा मराठी असेल तर मराठीत लिहा, नाहीतर सोप्या हिंदीत. इंग्लिश कोटेशन गुगलवरून उतरवायचं असेल तर समोसा खाऊन घरी गेलात तरी चालेल.

आणि बातमी द्या, स्वतःची. आमच्या क्वालिटीवाल्याने परचेसवालीचं बोलणं ऐकून मुकाट्याने दुसरं कार्ड घेतलं. त्यावर रणगाडा नव्हता, गाडीचा दरवाजा होता. आत लिहिलं होतं, ‘मी चाकणला गाड्यांचे दरवाजे तपासतो. दिवसभर इतके दरवाजे उघडतो आणि लावतो की घरी फ्रिजचं दारही दोनदा लावून बघतो. बायको वैतागलीय. तळेगाव चौकात आजही अर्धा तास अडकलो. सुट्टीवर घरी गेल्यावर तुमची कुठली सवय सुटत नाही?’

हे कार्ड परचेसवालीने स्वतःच्या पाकिटात घातलं आणि भावाच्या पत्त्यावर पाठवलं. बाकीचा खोका अजून अॅडमिनच्या कपाटावर आहे.

दिवाळीच्या कार्डांचा मेल आता येईलच. समोसे किती मागवायचे, हा प्रश्न नंतर. पहिला ‘रिप्लाय ऑल’ तुमचा असू द्या आणि त्यात एकच ओळ लिहा, ‘पत्ता कुठला?’