सातबाऱ्यावर नाव नसलेला पाठीराखा



कुस्तीच्या फडात सारख्या पडणाऱ्या पहिलवानाच्या नावानं ओरडणाऱ्या माणसाकडं लोक ज्या नजरेनं बघतात, त्याच नजरेनं गेली काही वर्षं नायगावात माझ्याकडं बघितलं जातं. कारण मी फुटबॉलच्या एका संघाचा पाठीराखा आहे आणि तो संघ हरतो. नुसता हरत नाही, गाव बदलतो, नाव बदलतो आणि तिथं जाऊन पुन्हा हरतो. आता फुटबॉलचं आणि शेतकऱ्याचं नातं काय, असं तुम्ही म्हणाल. जरा दम धरा. उसाच्या बिलावर आलो की तुमचं तुम्हालाच कळेल.

त्याचं असं झालं. २०१४ साली माझा पुतण्या पुण्यात शिकत होता. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग नावाची स्पर्धा सुरू झाली. शहरांच्या नावाचे संघ, धनिकांची मालकी आणि बाहेरदेशचे चार-सहा नावाजलेले गडी, असा तो थाट. पुण्याच्या संघाचं नाव एफसी पुणे सिटी. मालकांत वाधवान मंडळी आणि सोबतीला हृतिक रोशन. बालेवाडीच्या क्रीडानगरीत सामने व्हायचे. मी एकदा शेतकी प्रदर्शन बघायला पुण्याला गेलो, तर पोरगं म्हणालं, "काका, ट्रॅक्टर उद्या बघू, आज चला माझ्यासंगं." गेलो. अकरा-अकरा गडी, दीड तास, एक चेंडू, आणि गोलरक्षक सोडला तर कुणी हात लावायचा नाही. एवढंच मला तिथं कळलं. पण हजारो माणसं एका श्वासानं "आलाऽऽ" म्हणतात आणि चेंडू खांबाला लागून परत येतो, तेव्हा पोटात जो खड्डा पडतो, तो मला ओळखीचा वाटला. ढग भरून यावा आणि देगलूरकडं निघून जावा, तसा.

तिथून मी त्या नारिंगी कपड्यांच्या संघाचा झालो. तो संघ काही ग्रेट नव्हता, हे आधीच सांगतो. पहिली तीन वर्षं उपांत्य फेरीसुद्धा त्याला दिसली नाही. २०१७-१८ च्या हंगामात मात्र चौथा आला. मार्सेलिन्हो नावाचा ब्राझीलचा एक गडी होता, त्याच्या डाव्या पायात जादू होती. उपांत्य फेरीत बेंगळुरूशी गाठ पडली आणि त्यांच्या सुनील छेत्रीनं एकट्यानं तीन गोल घालून आमचा निकाल लावला. पुढच्या साली सातवे. आणि २०१९ साली मालकांचं आर्थिक गाडं रुतलं आणि संघच बंद पडला. हरून नव्हे, पैशानं.

आता गंमत ऐका. त्या वर्षी पुतण्याला नोकरी लागली हैदराबादला, आणि पुण्याच्या संघाची लीगमधली जागाही मिळाली हैदराबादलाच! नवे मालक, नवं नाव हैदराबाद एफसी, पिवळे-काळे कपडे, पण मार्सेलिन्होसकट गडी बरेचसे आपलेच. मला वाटलं, पोराच्या मागं संघही आमच्या अंगणात आला. नायगावच्या माणसाला पुण्यापेक्षा हैदराबादच जवळ. नरसीच्या चौकातून गाडी देगलूरला लागली, की तेलंगण आलंच. आपली दुखणी-खुपणी, आपले मजूर, आपला काही माल, सगळंच तिकडं जात असतं.

शिवाय फुटबॉलच्या बाबतीत हैदराबाद हे साधंसुधं गाव नव्हे, हे तरुण वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. नांदेड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या शहर पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ अशी ओळीनं पाच वर्षं मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा जिंकली. त्या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम पेशानं शिक्षक. पुढं त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक घेऊन आला. 'मैदान' नावाचा सिनेमा २०२४ साली आला तो त्यांच्यावरच. म्हणजे आपले आजोबा ज्या राज्यात राहत होते, त्या राज्याचा संघ देशात पहिला होता. त्यामुळं हैदराबादचा संघ हा मी परका मानलाच नाही.

पण परका नसला म्हणून काय जिंकतो थोडाच! पहिलाच सामना कोलकात्यात, पाच-शून्य. शून्य आमचं. पुढं घरच्या मैदानावर केरळला हरवलं, तेव्हा वाटलं, चला, उगवलं. उगवलं ते तेवढंच. अठरा सामन्यांत दोन विजय, बारा पराभव, दहा संघांत दहावा नंबर. गोऱ्या प्रशिक्षकाला मधेच घरी पाठवलं. आमचे शेजारी पाराखाली मला म्हणायचे, "कामून जीव जाळून घ्यायलाव? मुंबईची टीम धरा की." मी म्हणायचो, बैल चुकार निघाला म्हणून कुणी शेजाऱ्याच्या बैलाला वैरण घालत नाही.

मग आले मानोलो मार्केझ. स्पेनचे प्रशिक्षक, शांत माणूस. त्यांनी नाव नसलेली भारतीय पोरं उभी केली, आणि शेवटचा संघ पहिल्या वर्षी पाचवा, दुसऱ्या वर्षी दुसरा आला. २० मार्च २०२२, रविवार, गोव्याच्या फातोर्ड्याला अंतिम सामना. समोर केरळ. आमच्याकडं हरभऱ्याची रास नुकतीच घरात आली होती. पुतण्या गावी आलेला. केरळनं गोल घातला आणि वेळ संपत आली. सौ. म्हणाली, "आता जेवून घ्या, हे काय होत नाही." तेवढ्यात अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला साहिल तावोरा या गोव्याच्याच पोरानं चेंडू खाली पडू न देता असा हाणला, की मी ताट ओलांडून उठलो. एक-एक बरोबरी. वाढीव वेळेतही तेच. मग एकेक फटका गोलरक्षकासमोर मारायचा. आमचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, तोही गोव्याचा. त्यानं तीन फटके अडवले. तीन! हैदराबाद विजेता. त्या रात्री आमच्या घरात जेवण कुणी कधी केलं ते आठवत नाही.

या सुखातसुद्धा एक खडा होताच. करोनामुळं ते दोन्ही हंगाम सगळेच्या सगळे गोव्यात झाले. म्हणजे संघाची भरभराट होत असताना हैदराबादच्या माणसाला तो आपल्या मैदानावर बघायलाच मिळाला नाही. गच्चीबावलीचं मैदान बंद. पुढच्या वर्षी, २०२२-२३ ला, संघ परतला, पुन्हा दुसरा आला आणि उपांत्य फेरीत मोहन बागानकडून फटक्यांवरच हरला. त्याचं दुःख झालं, पण ते खेळातलं दुःख. ते गिळता येतं.

गिळता न येणारं त्यानंतर आलं, आणि इथं मी उसाच्या बिलावर येतो.

२०२३-२४ च्या हंगामात संघाची तिजोरी रिकामी झाली. खेळाडूंचे, प्रशिक्षकांचे, कामगारांचे पगार थकले. जुनी देणी बुडवल्याबद्दल फिफानं नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली. जानेवारीत जो तो वाट फुटेल तिकडं निघाला. परदेशी गेले, नावाजलेले भारतीय गेले. उरली कोवळी पोरं आणि त्यांना सांभाळणारे थांगबोई सिंगटो. दोन वर्षांपूर्वीचा विजेता संघ बावीस सामन्यांत एक जिंकला, सोळा हरला. घातलेले गोल दहा, खाल्लेले त्रेचाळीस. आठ गुणांवर शेवटून पहिला.

तुम्ही ऊस लावता. कायदा काय म्हणतो? ऊस कारखान्याला पडला की चौदा दिवसांत पैसे, नाहीतर वर पंधरा टक्के व्याज. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातलं हे कलम आपल्याला पाठ आहे. आणि होतं काय, तेही पाठ आहे. माझे स्वतःचे पैसे एका कारखान्याकडं दोन हंगाम अडकले होते. नाव घेत नाही. चकरा मारून चपला झिजल्या. पण त्या दोन हंगामांत मी ऊस जोपासायचा थांबलो का? पाणी तोडलं का? नाही. कारण उभं पीक डोळ्यांदेखत वाळू द्यायची आपली छाती नाही. म्हणून ती पोरं पगार थकलेला असताना दर आठवड्याला मैदानात उतरून चार-चार गोल खात होती, तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. उलट सामना संपल्यावर गुडघ्यावर हात ठेवून उभं राहिलेलं एखादं विशीतलं पोर दिसलं, की मला कारखान्याच्या दारातली रांग आठवायची. मार्चमध्ये चेन्नईत त्यांनी तो एकुलता एक सामना एक-शून्यनं जिंकला. मंडळी, खरं सांगतो, फातोर्ड्याच्या विजयाइतकाच मला तो विजय मोठा वाटतो. समालोचकाला मात्र त्याचं फारसं काही वाटलं नाही.

राग आला तो व्यवस्थेचा. या लीगमध्ये पहिली अकरा वर्षं शेवटच्या नंबराचा संघ खालच्या वर्गात जात नव्हता. गोल खाऊन कुणी बाहेर गेलं नाही. पैसे थकले की गेलं. पुढं उद्योगपतींच्या एका नव्या समूहानं संघ घेतला, वाटलं की दिवस फिरले. २०२४-२५ ला तेरांत बारावा. आणि २०२५ च्या शरदात बातमी आली की संघ दिल्लीला हलवला, नाव आता स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. आपल्या एस.टी.च्या कंडक्टरचीसुद्धा इतकी बदली होत नाही. त्यातच लीग चालवायचा करार संपत आल्यानं त्या साली सप्टेंबरात हंगामच सुरू झाला नाही. पुतण्यानं फोन केला, "काका, आता दिल्लीला नोकरी शोधू का?" हसत होता, पण नेहमीचं हसणं नव्हतं ते.

मला या सगळ्यात एकच विचारायचं आहे. बारा वर्षं आम्ही ओरडलो, रडलो, तिकिटं काढली, पोरानं पगारातून तीनदा वेगवेगळ्या रंगाचे सदरे घेतले. मग संघ कुणाचा? कागदावर पाहिलं तर आमचं नाव कुठंच नाही. आम्ही बटाईदारसुद्धा नाही. बटाईदाराला निदान अर्ध्या पोत्याचा हक्क असतो. मालकानं रान विकलं, तर आम्हाला बांधावरून खाली उतरा म्हणायचीही गरज पडत नाही.

हे सगळीकडं असंच असतं असं मात्र नाही. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे, की संघाची कंपनी झाली तरी मतांचा अर्धा वाटा आणि वर एक मत सभासदांच्या मंडळाकडंच राहिलं पाहिजे. एक-दोन अपवाद सोडले तर तिथं धनिकाला संघ उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. म्हणजे आपला सहकारच की. आता सहकार म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसतात. मराठवाड्यातल्या सहकारी कारखान्यांचं काय झालं, शेअरची पावती पेटीत आणि कारखाना लिलावात, हे मी विसरलेलो नाही. सभासद झाल्यानं सगळं आपोआप नीट होतं असं मी म्हणतच नाही. पण भांडायला सभेत उभं तरी राहता येतं.

आणि इंग्लंडातली गोष्ट तर आपल्या लोकांनी ऐकावीच अशी आहे. लंडनमधल्या विंबल्डनचा संघ मालकांनी शंभर किलोमीटरवर मिल्टन कीन्स नावाच्या नव्या शहरात न्यायचं ठरवलं, आणि २००२ साली त्याला परवानगीही मिळाली. पाठीराख्यांनी काय करावं? त्यांनी स्वतःचाच नवा संघ काढला. गावच्या माळावर पोरं बोलावून निवड केली आणि थेट नवव्या वर्गातून सुरुवात केली. नऊ वर्षांत, २०११ साली, तो संघ मोठ्या लीगमध्ये पोचला. मालकी अजून पाठीराख्यांच्या मंडळाची. २०२० साली त्यांनी आपल्या जुन्या रस्त्यावर मैदानही बांधलं. पैसे कमी पडले तेव्हा साध्या माणसांनी कर्जरोखे घेऊन ते उभे केले. त्या रस्त्याचं नाव काय, ठाऊक आहे? प्लाऊ लेन. मराठीत सांगायचं तर नांगराची गल्ली.

हे मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, तिथं लोकं हजारोंनी होती. हैदराबादेत आमी स्टँडात किती असायचो, तुमाला माहीत हाय ना?" त्याचंही खोटं नाही. शेवटच्या वर्षात रिकाम्या खुर्च्याच जास्त दिसायच्या. पण खुर्च्या रिकाम्या का झाल्या, हे मालकांनी कधी विचारलं का, असं मी म्हणालो, आणि मग आमचं दोघांचं अर्धा तास जे जुंपलं, ते सौ.नं फोन काढून घेतला तेव्हा थांबलं.

दिल्लीचा सामना आता टीव्हीवर लागतो. मी बघतो का? एकदा बघितला. गडी कोण, ओळख पटेना. निम्म्यात उठलो आणि मोटार चालू करायला रानात गेलो. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. पुतण्यानं मात्र पिवळा सदरा अजून टाकलेला नाही. दर रविवारी हैदराबादेत तो आणि ऑफिसातली आठ-दहा पोरं एका शाळेच्या मैदानावर खेळतात, वर्गणी काढून चेंडू घेतात. गेल्या महिन्यात त्यांचा दुसऱ्या कुठल्या पोरांशी सामना झाला. सहा-एकनं हरले म्हणे. पुढच्या सामन्याला मला बोलावलंय. तुरीची रास झाली की जाणार आहे.